जे उडतं तेच उतरतं: जिनच्या बाटलीतला मसाला

एपिसोड ऐकायचा असेल तर वरचं बटण दाबा. लोकलच्या गर्दीत काही ऐकू येत नसेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.

आजचा विषय तुमच्यातूनच आला. एका श्रोत्याने जिनच्या बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, यात हळद आहे, आलं आहे, ज्येष्ठमध आहे, कोकमसुद्धा आहे. मग ही दारू आहे की काढा?"

प्रश्न गमतीचा आहे, पण त्यात पैशाचा आणि तब्येतीचा, असे दोन्ही मुद्दे आहेत. आजकाल क्राफ्ट जिनची बाटली आपण मागच्या यादीवर भाळून घेतो. अकरा मसाले, हिमालयातलं अमुक, कोकणातलं तमुक. यादी वाचताना जिभेवर सगळं येतं. पण यादीतलं नक्की काय बाटलीत उतरतं आणि काय भट्टीच्या तळाशीच राहतं? हे कळायला एकच नियम पुरतो. आज तोच समजून घेऊ.

त्याआधी एक स्पष्ट गोष्ट. महाराष्ट्रात जिन, व्हिस्की, रम यांच्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, शिवाय परवानाही लागतो. गोव्यात ही वयोमर्यादा १८ आहे. "प्या" असं सांगायला हा एपिसोड नाही. न पिणाऱ्यांनाही यात स्वयंपाकघरातलं बरंच काही सापडेल, आणि शेवटचा प्रयोग तर निव्वळ पाण्यावरचा आहे.

मसाला घातलेलं कोरं मद्य

व्हिस्कीची चव बरीचशी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहून येते. वाईनची चव द्राक्षातून येते. जिनची सुरुवात मात्र जवळजवळ कोऱ्या मद्यार्कापासून होते. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेला, साधारण ९६ टक्के शुद्ध, ज्याला स्वतःचा असा वास नाही आणि चवही नाही. आपल्याकडच्या धंद्यात त्याला ईएनए म्हणतात. जिन बनवणारे बहुतेक जण, मोठे असोत की छोटे, हा मद्यार्क विकतच आणतात. त्यात काही गैर नाही. शिंप्याने कापड विणलंच पाहिजे असं थोडंच आहे?

या कोऱ्या मद्यार्कात वनस्पती भिजवायच्या आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं, ही जिनची मुख्य रीत. इंग्रजीत या वनस्पतींना 'बोटॅनिकल्स' म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे: मसाला. बिया, साली, मुळं, फुलं, पानं. जिनवाल्याची कारागिरी या मसाल्यात असते.

मसाल्याचं प्रमाण ठरवणं हे गोडा मसाला करण्यासारखंच आहे. गोड्या मसाल्यात दगडफूल असतं, नागकेशर असतं, लवंग-दालचिनी असते, पण वजनाने सगळ्यात जास्त असतात धणे. बाकीचे चिमूटचिमूट. जिनमध्ये धण्यांची ती मुख्य जागा जुनिपरला असते. बऱ्याच पाककृतींत जुनिपर वजनाने निम्मं किंवा त्याहून जास्त असतं. आणि दुसऱ्या नंबरवर कोण? बहुतेक वेळा आपले धणेच!

कपडे दोरीवर वाळतात तसं

आता तो नियम. वरणाचं पातेलं झाकून ठेवलं की झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. ते थेंब पिवळे असतात का? नाही. खारट? नाही. हळद, मीठ, डाळ सगळं खालीच राहिलं. पण त्या थेंबांना हिंगाचा-जिऱ्याचा थोडा वास असतो. शाळेत आपण ऊर्ध्वपातनाची आकृती काढली होती ना, नळी आणि चंबूवाली, ती म्हणजे हेच झाकण. वाफ वर गेली, थंड झाली, थेंब झाली. बस.

जिनच्या भट्टीतही एवढंच घडतं. तांब्याचं मोठं भांडं, त्यात मद्यार्क, पाणी आणि मसाला. तापवलं की वाफ उठते, नळीतून जाते, थंड होऊन पुन्हा द्रव होते. वाफेबरोबर जे उडू शकतं तेच पलीकडे उतरतं. जे उडत नाही ते भांड्यातच राहतं. म्हणून नियम असा: जे उडतं तेच उतरतं.

इथे एक शंका येईल. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो. पण जुनिपरमधला मुख्य सुवास, त्याचं नाव पायनीन, तो उकळायला १५५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. मग तो ८०-९० अंशांच्या भट्टीत वर जातोच कसा? त्याचं उत्तर कपड्यांच्या दोरीवर आहे. ओला टॉवेल वाळायला १०० अंश लागत नाहीत. पाणी उकळल्याशिवायही थोडंथोडं उडतच असतं. सुगंधी तेलांचंही तसंच. वासाचा रेणू म्हणजेच उडणारा रेणू. नाकापर्यंत उडून आला नसता, तर आपल्याला वास आलाच नसता.

काय वर जातं, काय खाली राहतं

आता श्रोत्याने पाठवलेली यादी या नियमाला लावून बघू.

हळद: तिचा पिवळा रंग करक्युमिनचा. तो उडत नाही. म्हणून हळद घालून ऊर्ध्वपातन केलेली जिन पाण्यासारखी पारदर्शक असते. वर येतो तो हळदीचा मातकट, ओल्या हळकुंडाचा वास.

आलं: घशात जाळ करणारा भाग उडत नाही. वर येतो तो आल्याचा ताजा, लिंबाच्या अंगाचा सुवास. आल्याचा चहा आठवतो, पण ठसका लागत नाही.

काळी मिरी: तिखटपणा पायपरीनचा, तो खालीच. वास मात्र भरपूर वर येतो. त्यामुळे मिरी घातलेली जिन मिरपुडीसारखी दरवळते, जीभ मात्र पोळत नाही.

मिरची: इथे कुणीतरी म्हणेल, "ताई, फोडणीत मिरची टाकली की अख्खं घर खोकतं, मग तिखट उडत नाही कसं?" बरोबर आहे. पण फोडणीचं तेल २०० अंशांच्या जवळ असतं, आणि त्याचे बारीक तुषार हवेत उडतात, तिखट त्यांवर बसून नाकात शिरतं. जिनची भट्टी शंभराच्या आत असते, संथ असते. तिथे मिरचीचं तिखट जवळजवळ सगळं खाली राहतं.

ज्येष्ठमध: याचा गोडवा ग्लिसिरायझिन नावाच्या पदार्थाचा. साखरेच्या कितीतरी पट गोड, आणि तरीही उडत नाही. मग ज्येष्ठमध घातलेली जिन 'गोडसर' का लागते? कारण वास गोड असतो. घरी करून बघा: नाक दाबून दालचिनीची पूड जिभेवर ठेवा. लाकडाचा भुसा वाटेल. नाक सोडा, लगेच दालचिनी 'गोड' होते. साखर कुठेच नव्हती, मेंदूने तो गोडवा वासाला जोडला.

कोकम: मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. कोकमाची ओळख दोन गोष्टींनी आहे, आंबटपणा आणि लाल रंग. त्याचं आम्लही उडत नाही आणि रंगही उडत नाही. मग कोकम भट्टीत घातलं तर बाटलीत काय येतं? एक अगदी हलका, फळासारखा वास, तोही इतर मसाल्यांत हरवण्याइतका. लेबलवर 'कोकम' वाचून सोलकढी आठवत असेल, तर ती सोलकढी भट्टीच्या तळाशी राहिलेली आहे. हां, ऊर्ध्वपातनानंतर कोकम घातलं असेल तर गोष्ट वेगळी. मग रंगही दिसेल आणि जिभेला आंबटही लागेल.

पुदिना: हा उलटा गडी. त्याचं मेंथॉल उडतं, त्यामुळे वासाबरोबर थंडावाही बाटलीत येतो. वेलदोड्याचंही थोडं असंच आहे.

म्हणजे गोड, आंबट, खारट, कडू हे मसाल्यातून भट्टीपार जात नाहीत. जिन हा मुख्यतः नाकाचा मामला आहे.

जुनिपर, ज्याच्यावरून नाव पडलं

'जिन' हा शब्द जुनिपरच्या डच नावावरून, 'येनेव्हर'वरून आला. युरोपीय संघाच्या नियमानुसार जिनमध्ये जुनिपरची चव सगळ्यात वरचढ असली पाहिजे. म्हणजे जुनिपर नसेल तर ते मसालेदार मद्य असेल, जिन नाही.

जुनिपरचं 'फळ' निळसर, वाटाण्याएवढं दिसतं, पण ते खरं फळ नाही. देवदार-पाईनच्या कुळातल्या झाडांना येतो तसा तो शंकू आहे, फक्त मांसल. पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे एकाच झुडपावर हिरवे आणि निळे दाणे शेजारीशेजारी असतात. बाल्कन देशांत आणि इटलीत हे बहुतेक रानातूनच गोळा करतात. आपण चिंचा झोडपतो तशा फांद्या काठीने झोडपायच्या, पिकलेले दाणे खाली पडतात, हिरवे पुढच्या वर्षासाठी झाडावर राहतात.

आपल्याकडे हिमालयात जुनिपर होतं. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात, पवित्र मानतात आणि त्याचा धूप जाळतात. आयुर्वेदात त्याचं नाव हपुषा.

वास कसा असतो? पाईनच्या जंगलासारखा, राळेसारखा, थोडा टर्पेंटाईनसारखा. टर्पेंटाईन हा शब्द मुद्दाम वापरला. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिनचं भयंकर पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली स्वस्त दारू, उद्ध्वस्त घरं. सरकारने १७३६ आणि १७५१ मध्ये कायदे केले. विल्यम होगार्थचं 'जिन लेन' हे प्रसिद्ध चित्र १७५१ चंच. त्या काळी जुनिपरचा खर्च वाचवायला काही जण सरळ टर्पेंटाईन मिसळत. रसायनाच्या दृष्टीने लबाडी अचूक होती, कारण पायनीन दोन्हींत आहे. शरीराच्या दृष्टीने ते विषच. अशी दारू घशाखाली उतरावी म्हणून साखर घालायचे. पुढे १८३० मध्ये इनीस कॉफी यांनी सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं, मद्यार्क स्वच्छ मिळू लागला, आणि साखरेने काही झाकायची गरज कमी झाली. 'ड्राय' म्हणजे गोड न केलेली जिन रुळली ती त्यानंतर.

धणे, साल आणि मुळं

धण्याचे चार दाणे दातांखाली फोडा. लिंबाची झाक येते ना? धण्याच्या तेलात सगळ्यात मोठा वाटा लिनालूल या रेणूचा असतो. लव्हेंडरमध्येही तोच असतो. म्हणून धणे जिनमध्ये 'धण्यासारखे' न लागता फुलासारखे, लिंबासारखे लागतात. कोथिंबिरीचा वास वेगळ्या रेणूंचा, त्याचा इथे संबंध नाही. आणखी एक मजा: आपले भारतीय धणे मोठे, लांबट असतात. पूर्व युरोपातले बारीक, गोल. पण सुगंधी तेलाच्या बाबतीत बारीक धणे पुढे असतात, तेल कित्येक पट जास्त. आपण धणे जाडीसाठीही वापरतो, रस्सा दाट व्हायला. जिनवाल्याला जाडी नको, फक्त तेल हवं. त्यामुळे तो कोणते धणे घेतो यावर चव बदलते.

संत्र्याची साल. लहानपणी ती भावंडांच्या डोळ्यांत पिळली नाही असा मराठी माणूस विरळा! डोळे चुरचुरवणारे ते तुषार म्हणजे सालीतलं तेल, मुख्यतः लिमोनीन. जिनमध्ये जाते ती साल. रस जात नाही, कारण रसाचं आंबट-गोड उडत नाही. ताजी साल घातली तर वास झणझणीत, वाळलेली घातली तर मुरंब्यासारखा. लिंबू, संत्रं, बंगालचं गंधराज लिंबू, प्रत्येकाची साल वेगळं बोलते.

मुळं सगळ्यात शांत. अँजेलिकाचं मूळ मातकट आणि कस्तुरीच्या अंगाचं. ऑरिस म्हणजे आयरिस फुलझाडाचा कंद. तो सोलून वाळवतात आणि वर्षानुवर्षं ठेवतात, तेव्हा कुठे त्यात जांभळ्या व्हायोलेट फुलांचा सुवास तयार होतो. अत्तरवाले तो सुवास धरून ठेवायला वापरतात, आणि जिनवालेही त्याच विश्वासाने घालतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूल आठवा. नुसतं हुंगलं तर फारसं काही नाही, पण वगळलं तर मसाला पोकळ लागतो.

बाकी यादीत ओळखीचे चेहरे खूप आहेत. लेबलवर 'क्युबेब' दिसलं तर बिचकू नका, ते आपलं कंकोळ, म्हणजे कबाबचिनी. 'मेस' म्हणजे जायपत्री. 'कॅशिया' म्हणजे ती जाड सालीची दालचिनी, जी आपल्या किराणा दुकानात बहुतेक वेळा दालचिनी म्हणूनच मिळते.

भट्टीजवळचा माणूस काय करतो

मसाला कधी भिजवायचा आणि किती वेळ, हा पहिला निर्णय. लंडनची बीफईटर जिन मसाला २४ तास मद्यार्कात भिजवून मग भट्टी लावते. बॉम्बे सफायरमध्ये मसाला द्रवात बुडवतच नाहीत. तो वर टोपलीत ठेवतात आणि नुसती वाफ त्यातून जाऊ देतात. चहा उकळणं आणि मोदक वाफवणं, यात जो फरक तोच. वाफवलेला वास हलका येतो. (आणि हो, नावात बॉम्बे असलं तरी ती बाटली इंग्लंडच्या हॅम्पशायरची आहे. १९८७ मध्ये बाजारात आली, १० मसाले, आणि मुंबईचं त्यात नावच.)

दुसरा निर्णय जास्त अवघड. भट्टीतून सगळे वास एकदम येत नाहीत, ओळीने येतात. आधी हलके, सालीचे. मग जुनिपर आणि धणे. शेवटी मुळं आणि जड मसाले. अगदी पहिली धार तीक्ष्ण असते, शेवटची उकडलेल्या पाल्यासारखी. मधली धार ठेवायची, पण 'मधली' कुठे सुरू होते आणि कुठे संपते? यंत्रावर तापमान आणि मद्याचं प्रमाण दिसतं, तरी बहुतेक ठिकाणी शेवटचा शब्द नाकाचा असतो. दहा मिनिटं उशीर झाला तरी बाटलीची चव बदलते. 'क्राफ्ट' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे: लहान घाणा, आणि त्याच्या शेजारी हुंगत उभा असलेला माणूस.

लहान घाण्यालाही इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १,८०० लिटरपेक्षा लहान भट्टीला परवानाच मिळत नसे. सिपस्मिथ नावाच्या छोट्या कंपनीने पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये तिला परवाना मिळाला. त्यानंतर तिथे छोट्या जिनची लाट आली, आणि काही वर्षांत ती आपल्याकडे पोहोचली.

गोव्यात का, आणि काय

भारतातल्या क्राफ्ट जिनचं माहेर गोवा. २०१७ मध्ये ग्रेटर दॅन आली, २०१८ मध्ये हापुसा आणि स्ट्रेंजर अँड सन्स. 'हापुसा'चा आपल्या हापूसशी संबंध लावायचा मोह होतो, पण ते नाव संस्कृत हपुषावरून आलंय, म्हणजे जुनिपरवरून. योगायोग असा की तिच्या मसाल्यात आंबाही आहे, हळदही आहे, गंधराजही आहे आणि हिमालयातलं जुनिपर आहे. याच सुमारास आलेल्या राजस्थानी नावाच्या जैसलमेर जिनमध्ये वाळा आहे. वाळा घातलेलं माठातलं पाणी प्यायलेल्या माणसाला त्याचा वास समजावून सांगायला नको.

पण गोव्याला मद्यात मसाला घालणं कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. काजूची फेणी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या-तांब्याच्या भट्टीवर निघते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जिरं घातलेली फेणी आहे, अनंतमुळाची 'दुकशिरी' फेणी आहे. पहिल्या धारेचा हुर्राक कधी थांबवायचा, हे वासावरून ओळखणारी माणसं गावागावात आहेत. तेही बोटॅनिकल आहे आणि तेही क्राफ्ट आहे, फक्त त्याच्या लेबलवर तसं छापलेलं नसतं.

लेबलला विचारायचा एक प्रश्न

आता पैशाचा मुद्दा. बाटली हातात घेतली की मसाले मोजू नका. टँकरेमध्ये चारच मसाले आहेत: जुनिपर, धणे, अँजेलिका, ज्येष्ठमध. जर्मनीच्या मंकी ४७ मध्ये नावाप्रमाणे ४७ आहेत. दोन्ही जगभर नावाजलेल्या. आकड्यावरून चव कळत नाही, जशी मसाल्याच्या पाकिटावरच्या '३२ घटक' या ओळीवरून आमटी कळत नाही.

त्यापेक्षा विचारा: हे कधी घातलं? ऊर्ध्वपातनाआधी की नंतर?

'लंडन ड्राय' लिहिलं असेल तर तो पत्ता नाही, पद्धत आहे. सगळी चव ऊर्ध्वपातनातूनच आलेली, नंतर रंग नाही, सुगंध नाही. साखरही नाममात्र, लिटरला ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. बाटलीतला द्रव रंगीत दिसला, तर काहीतरी नंतर घातलंय हे नक्की. गोकर्णाची निळी जिन टॉनिक किंवा लिंबू पडताच गुलाबी होते, कारण फुलाचा रंग आम्लाला प्रतिसाद देतो. नंतर घालणं वाईट नाही. पण रंगहीन, ऊर्ध्वपातन केलेल्या बाटलीवर 'कोकमाचा आंबट ठसका' असं वाचलंत, तर आता तुम्हाला हसू यायला हवं. आणि पारदर्शक असली म्हणजे ऊर्ध्वपातन झालंच असं नाही. कोऱ्या मद्यार्कात नुसतं एसेन्स मिसळूनही जिन बनते.

मग कोकमाचं काय करायचं? ग्लासात घालायचं! जिन-टॉनिकची वाटणी बघा किती सुरेख आहे. सुवास जिनचा, कडवटपणा टॉनिकमधल्या क्विनाइनचा, गोडी त्यातल्या साखरेची, आंबटपणा लिंबाचा. जे भट्टीतून येऊ शकत नाही ते सगळं ग्लासात वरून येतं. लिंबाच्या जागी कोकमाचं आगळ टाकलं की रंगही मिळतो, आंबटही मिळतं, आणि कोकणातल्या शेतकऱ्याच्या कोकमाचा खराखुरा घोट मिळतो.

"दारू की काढा?"

आता श्रोत्याच्या मूळ प्रश्नाकडे. उत्तर आपल्या नियमातच आहे. हळदीतलं ज्याच्यासाठी इतकं नाव घेतात ते करक्युमिन उडत नाही, म्हणून उतरत नाही. ज्येष्ठमधाचं ग्लिसिरायझिन नाही, आल्याचा तिखटपणा नाही. काढ्यात आपण वनस्पती उकळून जे पाण्यात उतरतं ते पितो. जिनमध्ये नेमकं तेच मागे सोडून देतो. यादी आयुर्वेदाच्या पुस्तकासारखी दिसली तरी बाटलीत येतो तो सुवास, आणि सुवासाबरोबर मद्यार्क.

मद्यार्काचा हिशेबही करून टाकू. आपल्याकडची जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम. म्हणजे फुलांचा वास येणारा तो एक पेग दीड बिअरच्या बरोबरीचा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे की मद्याची अमुक मात्रा सुरक्षित, असं म्हणता येत नाही. घरात कुणी "अगं, यात सगळं आयुर्वेदिक आहे" म्हणत रोजचा पेग वाढवत असेल, तर त्यांना वरणाच्या झाकणावरचे थेंब दाखवा. हळद कुठे राहिली ते विचारा.

घरचा प्रयोग, फक्त पाण्याचा

मोठं पातेलं घ्या. मध्ये छोटी स्टीलची जाळी ठेवा, तिच्यावर रिकामी वाटी. पातेल्यात जाळीच्या खाली राहील इतकंच पाणी ओता आणि चार चमचे भरड कुटलेले धणे घाला. झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याचा फुगीर भाग खाली येईल. झाकणावर बर्फ ठेवा. मंद आचेवर १५-२० मिनिटं. वाफ झाकणाला लागेल, थेंब मध्याकडे सरकतील आणि वाटीत पडतील. गार झाल्यावर हुंगा. पाण्यासारखं दिसणारं ते धण्याचं अर्कजल लिंबासारखं दरवळेल.

मग भांडं धुऊन हेच कोकमाचं करा. खाली लालभडक पाणी, वाटीत नितळ. एक थेंब जिभेवर ठेवा, आंबट जवळजवळ लागणार नाही. एका बाजूला धणे, दुसऱ्या बाजूला कोकम. अख्खा एपिसोड दोन वाट्यांत.

एक ताकीद: हे फक्त पाण्याने. मद्याची वाफ गॅसच्या ज्योतीवर पेट घेते, आणि घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तो विचारही नको.

प्रयोग केलात तर वाटीचा फोटो पाठवा, आणि कुठला मसाला वापरला तेही लिहा. दगडफूल, नागकेशर, वाळा, तिरफळ, घरात जे असेल ते. वाटीत काय उतरलं आणि पातेल्यात काय राहिलं, एवढंच सांगा. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला तुमची उत्तरं वाचून दाखवीन. भेटूच, तोवर नाक उघडं ठेवा!